विधेयक चिकित्सा समितीकडे गेले, आता गावाने काय करायचे?

पेडण्याच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: जमिनीसंबंधीच्या एका विधेयकातल्या एका कलमामुळे वाड्यावरून झरीकडे जाणारी जुनी वाट बंद पडेल, अशी गावाला भीती आहे. विधेयक चिकित्सा समितीकडे, म्हणजे ते कलमाकलमाने तपासणाऱ्या आमदारांच्या समितीकडे, पाठवल्याचे पेपरात आले. मग ते बासनात गुंडाळले असे समजायचे का? आणि ‘विधेयक मागे घ्या’ अशा एका पानाच्या निवेदनावर गावाने केलेल्या 240 सह्या कुणाला नेऊन द्यायच्या?

ताई, विधेयक थांबलेले नाही. त्यातला शब्द बदलून घेता येतो तो काळ आता सुरू झाला आहे, आणि तो फार दिवस चालत नाही. मी बरीच वर्षे प्रतिवेदक म्हणून नोकरी केली. सभागृहात आणि समितीच्या बैठकांत कोण काय बोलले ते शब्दन् शब्द टिपून घ्यायचे, कोकणीत बोलले तर कोकणीत, मराठीत बोलले तर मराठीत. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे गोव्यात प्रत्येक विधेयक आपोआप समितीकडे जात नाही. केरळात 1980 पासून विषय समित्या आहेत आणि तिथे विधेयक मांडले की साधारणपणे त्या त्या विषयाच्या समितीकडे जाते. संसदेत विभागांशी जोडलेल्या 24 स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत 31 खासदार, तरी तिथेही विधेयक पाठवायचे की नाही हे ठरवावे लागते. पंधराव्या लोकसभेत 71 टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत हे प्रमाण 16 टक्क्यांवर आले. पर्वरीला, आपल्या विधानसभेत, सभागृहाने ठराव केला तरच चिकित्सा समिती, म्हणजे कागदोपत्री जिला प्रवर समिती म्हणतात ती, नेमली जाते. तुमचे विधेयक तिथवर पोचले यातच गावाचे निम्मे भाग्य आहे, असे मी मनापासून मानते.

ते न पोचल्यावर काय होते हे आपण पाहिले आहे. गोवा भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक जुलै 2021 च्या तीन दिवसांच्या अधिवेशनात आले आणि 30 जुलैला, विरोधकांनी सभात्याग केलेला असताना, संमतही झाले. 30 वर्षे गोव्यात राहणारा तो भूमिपुत्र, त्याचे 1 एप्रिल 2019 पूर्वीचे घर 250 चौरस मीटरपर्यंतच्या जागेसह त्याच्या मालकीचे करायचे, असे दूरगामी मुद्दे त्यात होते. ‘भूमिपुत्र’ या एका शब्दावरून गावागावांत संताप उसळला. थोड्याच दिवसांत मुख्यमंत्र्यांना तो शब्द काढून टाकू आणि लोकांच्या सूचना घेऊ असे जाहीर करावे लागले. जी हरकत समितीच्या टेबलावर दोन तासांत नोंदवली गेली असती ती रस्त्यावर घ्यावी लागली. 2016 च्या जानेवारीत वृक्षसंरक्षण कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून माड वगळला, तेव्हाही तेच. 2017 मध्ये माडाला राज्यवृक्ष म्हणून परत आत घ्यावे लागले. परसात माड असलेल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला समोर बसवून आधी विचारले असते तर?

समिती कशी बनते ते पाहू. सभागृहात जो प्रस्ताव संमत होतो त्यातच सदस्यांची नावे आणि अहवाल कधीपर्यंत द्यायचा ते येते. तो प्रस्ताव मिळवून वाचा. अध्यक्षस्थानी बहुधा त्या खात्याचा मंत्रीच असतो, म्हणजे ज्याचे विधेयक तोच परीक्षकही. बहुमत सत्ताधारी बाजूचे असते. आपली विधानसभा 40 जणांची, राज्यघटनेप्रमाणे मंत्री जास्तीत जास्त 12. त्यात सभापती, उपसभापती गेले की समित्यांसाठी माणसे राहतात किती? सध्या विरोधी बाकांवर सातच आमदार आहेत, आणि तेच ते आमदार तीनतीन-चारचार समित्यांवर धावत असतात. आमदार आळशी म्हणून सगळे वाचत नाहीत असे लोकांना वाटते. मी त्यांच्यासमोर कागदांचे ढीग पाहिले आहेत. जो माणूस त्यांना नेमका कागद देतो त्याचे काम होते, हे त्या ढिगांमुळेच.

त्यानंतर समिती लोकांकडून सूचना मागवते, खात्याचे सचिव आणि कायदा खात्याचे अधिकारी बोलावते, आणि ज्यांनी लेखी सूचना दिल्या त्यांतल्या काहींना साक्षीला बोलावते. बैठका बंद दाराआड चालतात. अहवाल सभागृहाच्या पटलावर येईपर्यंत आतले बाहेर सांगता येत नाही. यावर टीका होते आणि ती काही प्रमाणात बरोबरही आहे. पण मी दोन्ही जागी बसले आहे. सभागृहात गॅलरीकडे बघून तावातावाने बोलणारा आमदार समितीत चष्मा काढून अधिकाऱ्याला विचारतो, ‘हे ‘किंवा’ आहे तिथे ‘आणि’ हवे होते का?’ पक्षाचा दबाव तिथेही असतो, पण कॅमेरा नसतो, आणि कॅमेरा नसला की शंका विचारायला माणूस लाजत नाही.

एक प्रसंग सांगते. विधेयक कोणते आणि साल कोणते ते सांगत नाही. शेतजमिनीविषयीचे होते. त्यात बांधाच्या दुरुस्तीचे एक कलम होते: नुकसान झाल्यास शेतकऱ्यांच्या संघटनेने खात्याकडे अर्ज करावा, खाते 30 दिवसांत पाहणी करून मंजुरी देईल. कागदावर वाचायला चांगले. साक्षीला खाजन शेती, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली खाडीकाठची शेती, करणारे एक वयस्क शेतकरी आले होते. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही. त्यांच्याआधी दोन जण अर्धा अर्धा तास शेतकऱ्यांच्या हालअपेष्टांवर बोलून गेले होते आणि सदस्य घड्याळाकडे बघायला लागले होते. हे गृहस्थ बसले, वही उघडली आणि त्यांनी आपल्या मानशीजवळ (पाणी आत-बाहेर सोडायच्या बांधातल्या दाराजवळ) बांध फुटला त्या दिवसाची नोंद वाचली. अमावास्येचे उधाण, पहाटेची भरती, बांधाला हातभर खांड. संध्याकाळच्या भरतीला ती खांड दोन माणसे आडवी झोपतील एवढी. दुसऱ्या दिवशी कोरगुट भाताच्या शेतात खारे पाणी. मग मान वर करून म्हणाले, ‘पाणी दोन भरतींत शेतात येते. मी अर्ज केव्हा करू?’

खोलीत कुणी काही बोलले नाही. माझी पेन्सिल थांबली, कारण टिपायला शब्दच नव्हता. मग एका सदस्याने कायदा अधिकाऱ्याला विचारले, तातडीच्या वेळी आधी काम आणि मागून मंजुरी असे लिहिता येईल का? अधिकारी म्हणाले, येईल, पण ‘तातडी’ची व्याख्या करावी लागेल. शेतकऱ्यालाच विचारले गेले. त्यांनी सांगितले, बांधातून खारे पाणी आत येत असेल ती तातडी. जवळजवळ त्याच शब्दांत ते कलमात आले. आधीच्या दोघांचे एक वाक्यही अहवालात नाही. त्यांची कळकळ कमी होती असे नाही. त्यांनी समितीच्या हातात धरता येईल असे काही दिले नव्हते.

साक्षी संपल्या की कलमवार वाचन सुरू होते आणि खरा निर्णय तिथे होतो. दुसऱ्या कलमापासून एकेक वाचत जातात. शीर्षक आणि पहिले कलम सर्वांत शेवटी घेतात, कारण मधे काय काय बदलले त्यावर ते अवलंबून असते. प्रत्येक कलमापाशी आलेल्या सूचनांचा तक्ता समोर असतो: कलम क्रमांक, सूचना, खात्याचे म्हणणे. तुमच्या 240 सह्यांच्या निवेदनात कलमाचा क्रमांक नसेल तर ते त्या तक्त्यात बसतच नाही. ते ‘सर्वसाधारण’ या सदरात जाते, आणि त्या सदरापर्यंत येईस्तोवर जेवणाची वेळ झालेली असते. माझा जीव तिथे तुटायचा. एवढी माणसे वाट तुडवून सह्या गोळा करतात आणि एका आकड्यावाचून सगळे बाजूला पडते.

नुसत्या संख्येने काय होते आणि काय होत नाही हे शेजारच्या महाराष्ट्रात नुकतेच दिसले. बेकायदा संघटनांविरुद्धचे विशेष जनसुरक्षा विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले, 12,000 हून अधिक सूचना आल्या, आणि जुलै 2025 मध्ये ते संमत झाले तेव्हा समितीने केलेले मुख्य बदल तीन होते. विरोध करणाऱ्यांना ते फार तोकडे वाटले, आणि मलाही त्यांचे म्हणणे पटते. पण त्या तिनांतला एक पाहा: तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा. उद्या कुणाच्या दारात पोलीस आले तर या एका पदनामाने फरक पडेल.

अहवालासोबत सुधारलेले विधेयक छापले जाते. नवे शब्द अधोरेखित असतात, वगळलेल्या जागी फुल्या असतात. ज्यांना पटले नाही ते सदस्य भिन्नमत जोडतात. ते जरूर वाचा. सभागृहात पुढची लढाई कोण लढणार आहे ते त्यातून कळते. कारण समितीचा अहवाल म्हणजे कायदा नव्हे. विधेयक पुन्हा सभागृहात येते, तिथे मंत्री समितीचा शब्द मान्य करू शकतो, दुरुस्ती आणून फिरवूही शकतो, विधेयक पुन्हा समितीकडे पाठवताही येते. मग राज्यपालांची संमती, मग राजपत्र. आणि सभागृहात संमत होण्याआधीच विधानसभा विसर्जित झाली तर घटनेच्या 196 व्या कलमाप्रमाणे प्रलंबित विधेयक व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. समितीची सारी मेहनतही त्याबरोबर जाते. निवडणूक जवळ आली की समितीच्या तारखांवर लक्ष ठेवायचे ते यासाठी.

समिती म्हणजे हमखास न्याय, असे मी तुम्हाला सांगणार नाही. बेकायदा खाणींवर लोकलेखा समितीने, म्हणजे सरकारचे हिशेब तपासणाऱ्या आमदारांच्या समितीने, 2011 मध्ये काम केले, तेव्हा विरोधी पक्षनेते मनोहर पर्रीकर तिचे अध्यक्ष होते. ऑक्टोबरमध्ये अहवाल तयार झाला, पण सत्ताधारी बाजूच्या सदस्यांनी सह्या केल्या नाहीत आणि तो अडकला. पुढच्याच वर्षी बेकायदा खाणींच्या चौकशीसाठी केंद्राने नेमलेल्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला आणि सप्टेंबर 2012 मध्ये राज्यातल्या खाणी बंद झाल्या. समितीचे तेव्हाच ऐकले असते तर खाणपट्ट्यातल्या घरांवर ते संकट इतक्या अचानक आले नसते, असे मला आजही वाटते. म्हादई नदीचे पाणी वळवण्याच्या वादाचेही तसेच. जानेवारी 2023 मध्ये सभागृहाने एकमुखाने सभागृह समिती नेमायचे ठरवले, त्यानंतर तिच्या बैठकाच होत नाहीत अशी तक्रार विरोधक करत राहिले. समिती चालते ती बैठकीची तारीख लावून घेणारे कुणीतरी मागे लागलेले असते म्हणून. तुमच्या बाबतीत ते काम गावाने करावे.

आता तुमच्या कागदाकडे येते. सह्या फेकू नका, त्या जोडपत्र म्हणून राहू द्या. पहिले पान मात्र नव्याने लिहा. वर विधेयकाचे पूर्ण नाव आणि क्रमांक. खाली कलम आणि पोटकलम. मग आत्ताचा शब्द जसाच्या तसा, आणि त्याखाली तुम्हाला हवा असलेला शब्द. उदाहरणार्थ, ‘मात्र पिण्याच्या पाण्याच्या स्रोताकडे जाणारी, वहिवाटीत असलेली पायवाट या कलमाखाली बंद करता येणार नाही’. भाषा अगदी वकिली नसली तरी चालते, ती घासून घ्यायला कायदा खाते बसलेले असते. ‘विधेयक मागे घ्या’ ही मागणी करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, ती वेगळ्या पानावर करा. एकाच पानावर दोन्ही असले की समिती पहिल्या मागणीला नाही म्हणते आणि पान उलटते.

दुसऱ्या पानावर पुरावा: सर्व्हेचा नकाशा, त्यावर लाल शाईने वाट, किती घरे त्या झरीचे पाणी भरतात, उन्हाळ्यात नळ किती दिवस कोरडा असतो. आकडे तुमच्याच वाड्याचे, मोजून घेतलेले. साक्षीची परवानगी त्याच पत्रात मागा आणि बोलायला रोज त्या वाटेने घागर आणणारी बाई पाठवा. ती कोकणीत बोलली तरी काही अडत नाही, टिपून घेणारे असतात. प्रती विधानसभेच्या सचिवांच्या नावे समिती शाखेत द्या, एक तुमच्या आमदाराला, आणि एक समितीतल्या विरोधी सदस्यालाही. तुमचा आमदार कोणत्याही पक्षाचा असो, कलमवार वाचनाच्या वेळी तो किंवा त्याचा मित्र खोलीत असेल.

मुदत जाहीर सूचनेत दिलेली असते. ती उलटली असली तरी जाऊन द्या. कलमवार वाचन सुरू झालेले नसेल तर आलेला कागद घेतलेला मी अनेकदा पाहिला आहे. आणि आवक क्रमांक घातलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. पुढे अहवाल आला की त्याच्या शेवटी कुणाकुणाची निवेदने मिळाली त्याची यादी असते. तिच्यात तुमच्या वाड्याचे नाव नसेल, तर त्या पोचीच्या जोरावर तुमचा आमदार सभागृहात उभा राहून विचारू शकेल.

मसुदा इथे टाका, आज रात्री मी कलमाचे शब्द बघून देते.