दारातले झाड आणि त्यावरचे बिऱ्हाड : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

शहरातील झाडे आणि त्यांच्या आधाराने राहणारे पशुपक्षी या विषयावर मी पुण्यातील ग्रंथालयांत, शाळांत आणि सोसायट्यांत विनामूल्य व्याख्याने देतो. दर वेळी वेळ संपते आणि श्रोत्यांच्या चिठ्ठ्या उरतात. सभागृहात ज्यांना पुरेसे उत्तर देता आले नाही, अशा काही चिठ्ठ्या आज घेतल्या आहेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीतही असे व्याख्यान ठेवण्याची इच्छा आहे; परंतु हॉल लहान आहे आणि प्रोजेक्टर नाही. काय करावे?

प्रोजेक्टर नसल्याची खंत बाळगू नका. पडद्यावर वाघ पाहून लोक खूश होतात, पण घरी जाताना ज्या उंबराखालून जातात त्याकडे मान वर करून पाहत नाहीत, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. हॉलमध्ये अर्धा तास बोलणे ठेवा आणि उरलेला वेळ आवारातील सर्वांत जुन्या झाडाखाली घालवा. तिथे वड, पिंपळ किंवा उंबर असेल तर फार उत्तम.

उंबराचे एखादे फळ मधोमध कापून सर्वांच्या हातात द्या. आपण ज्याला फळ म्हणतो तो खरे तर आतल्या बाजूला वळलेला फुलोरा असतो, आणि टोकाच्या इवल्या भोकातून आत शिरलेला, गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातला एक चिमुकला कीटक त्या फुलांचे परागीभवन करतो. ‘उंबर फोडून केंबरे काढणे’ असे आपण म्हणतो, त्यातली केंबरे म्हणजे हेच कीटक. वडाचा कीटक वेगळा, पिंपळाचा वेगळा. पंख फुटल्यावर या कीटकाचे आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचे असते. म्हणून त्या जातीचे कुठले ना कुठले झाड सतत फळत असावे लागते, आणि त्यामुळेच इतर झाडे रिकामी असताना हरियाल, कोकीळ, तांबट यांना इथे अन्न मिळते. हरियाल हा आपला राज्यपक्षी आहे, हे श्रोत्यांना आधी सांगू नका; त्यांना तो दिसल्यावर सांगा.

तारीख ठरवायची असेल तर 5 ते 12 नोव्हेंबर हा राज्यात साजरा होणारा पक्षी सप्ताह सोयीचा पडतो. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवशी त्याचा प्रारंभ आणि सालिम अली यांच्या जन्मदिवशी समारोप होतो. पाऊस सरलेला असतो आणि हिवाळी पाहुणे पक्षीही आलेले असतात.

प्रश्न : पार्किंगसाठी झाडांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले आहेत. ते काढावेत का?

होय, आणि पावसाळ्याची वाट न पाहता काढावेत. अन्न-पाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांत पसरलेली असतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवेचीही गरज असते. बुंध्याभोवती निदान एक मीटर जागा मोकळी असावी. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतील झाडांसाठी नेमका हाच आदेश दिला होता. हे काम ब्रेकर न लावता पहारीने, हळू हाताने करून घ्यावे आणि जाड मूळ वर आलेले दिसले तर ते तोडू नये. त्यानंतर आळे करून त्यात पालापाचोळा पसरावा. बुंध्याला मातीचा ढीग मात्र लावू नये, कारण त्याने साल कुजते.

प्रश्न : आमच्या वर्षावृक्षाची एक फांदी वाळली आहे. कार्यकारिणी संपूर्ण झाडच काढायचे म्हणते. त्या फांदीत एक पक्षी सतत चोच मारताना दिसतो.

तो बहुधा तांबट असावा. फांदीच्या खालच्या बाजूला रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, कंपासने आखावे तसे गोल भोक आहे का, हे पाहा. नर आणि मादी दोघे मिळून ते कोरतात. खाली पाहिले तर भुशाचा बारीक सडा दिसेल. जिवंत लाकूड त्यांच्या चोचीला फारसे दाद देत नाही, म्हणून वाळलेली फांदी हीच त्यांची घर बांधण्याची जागा असते. त्यांनी सोडलेल्या ढोलीत पुढे दयाळसारखे पक्षी संसार थाटतात. अशी एक फांदी काढली की पुढच्या अनेक बिऱ्हाडांचीही जागा जाते.

तरीही फांदी रस्त्यावर किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागेवर झुकलेली असेल, तर माणसांची सुरक्षितता आधी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अशा वेळी तेवढीच फांदी, तीही शक्य असल्यास बुंध्याकडचा हात-दोन हात भाग ठेवून काढावी. आपल्याकडे पावसाळापूर्व छाटणी एप्रिल-मेमध्ये, म्हणजे ऐन विणीच्या काळात होते, हे मला फार खटकते. तातडी नसेल तर पाऊस संपल्यानंतर छाटणी करण्याचा आग्रह धरा.

कायद्याचे म्हणाल तर झाड आपल्या आवारात असले तरी 1975 च्या राज्य वृक्षसंरक्षण कायद्यानुसार ते तोडण्यासाठी परवानगी लागते. छाटणीसाठीही आधी पालिकेच्या उद्यान विभागाकडे लेखी अर्ज करावा. तोडण्याचा अर्ज आल्यास झाडावर नोटीस लागते आणि नागरिकांना हरकत घेता येते. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षे वा अधिक वयाचे झाड वारसा वृक्ष ठरते, आणि ते तोडल्यास त्याच्या वयाइतकी झाडे लावावी लागतात. ही तरतूद चांगली आहे. परंतु साठ वर्षांच्या झाडाच्या बदल्यात लावलेल्या साठ रोपांना ढोली येण्यासाठी पुन्हा काही दशके जावी लागतील, हे कार्यकारिणीपुढे अवश्य मांडा.

प्रश्न : समोरच्या झाडावर शेकडो वटवाघळे लटकतात. निपाहच्या भीतीने लोक फटाके लावून त्यांना हाकलू पाहतात.

हे ताबडतोब थांबवावे. घाबरलेली वटवाघळे शेजारच्या गल्लीत जातात, प्रश्न तसाच राहतो. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निपाहच्या खुणा सापडल्या त्या महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांत. झाडावर उघड्याने लटकणारी मोठी जात वेगळी आहे. ही मोठी जातही निपाह विषाणूची वाहक मानली जाते, म्हणून काळजी घ्यावीच : अर्धवट खाल्लेली फळे खाऊ नयेत, आजारी वा मेलेल्या वटवाघळाला हात लावू नये आणि लहान मुलांना झाडाखाली खेळू देऊ नये.

पूर्वी फळखाऊ वटवाघळांची गणना कायद्याने उंदीर-कावळ्यांसह उपद्रवी प्राण्यांत होत असे. वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच रद्द झाले. मादीला वर्षाला साधारण एकच पिल्लू होते. एकदा उधळलेली वसाहत पुन्हा भरायला म्हणूनच फार काळ लागतो.

प्रश्न : झाडाखाली पक्ष्याचे पिल्लू सापडले तर घरी आणावे का?

अंगावर पिसे असतील आणि ते उड्या मारत असेल तर आणू नये. ते उडायला शिकत असते आणि आई-वडील जवळपासच असतात. मांजरापासून वाचवण्यासाठी त्याला जवळच्या झुडपावर ठेवावे आणि दूर उभे राहून तासभर पाहावे. जखमी असल्यास खोक्यात, अंधारात ठेवून वनविभागाला कळवावे. त्याच्या चोचीत पाणी ओतू नये.