धावपटू मुलीचा थकवा आणि ‘नॉर्मल’ हिमोग्लोबिन

प्रश्न : माझी मुलगी १६ वर्षांची असून ३,००० मीटर शर्यतीत भाग घेते. गेल्या काही महिन्यांपासून तिची वेळ सतत घसरते आहे, पाय जड पडतात आणि जिना चढतानाही तिला धाप लागते. प्रशिक्षकांच्या मते तिचे सरावातून लक्ष उडाले आहे. तिचे हिमोग्लोबिन १२.१ आले असून रिपोर्टमध्ये ते नॉर्मल दाखवले आहे. हल्ली ती डब्यातले कच्चे तांदूळ मूठमूठ खाते, त्यावरून घरात बोलणीही खाते. तिला लोहाच्या गोळ्या सुरू कराव्यात का?
– एक पालक, सातारा

उत्तर : पत्राच्या शेवटी आपण ओघात लिहिलेली कच्च्या तांदळांची गोष्टच मला सर्वांत महत्त्वाची वाटली. कच्चे तांदूळ, माती, खडू किंवा बर्फ खाण्याची अनावर इच्छा हे शरीरातील लोह कमी झाल्याचे ओळखीचे लक्षण आहे. त्यामुळे तिला त्यावरून कृपया रागावू नका.

या वयाच्या मुलींमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की रक्तक्षय म्हणतात. आपली मुलगी त्या रेषेच्या जेमतेम वर आहे, परंतु शरीरातील लोहाचा साठा आधी रिकामा होतो आणि हिमोग्लोबिन त्यानंतर उतरते. शिवाय पूर्वी ते १३.५ असेल, तर आजचे १२.१ ही तिच्यासाठी घसरणच ठरते. म्हणून जुने रिपोर्ट शोधा आणि सीबीसीसोबत (रक्तपेशींची संपूर्ण तपासणी) फेरिटिनची, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणाऱ्या प्रथिनाची, तपासणी करून घ्या. फेरिटिन १५ च्या खाली असल्यास साठा संपला असे मानतात. धावपटूंच्या बाबतीत मात्र ते ३० च्या खाली असले तरी क्रीडावैद्यक दखल घेतात. ताप-सर्दीत किंवा शर्यतीच्या दुसऱ्याच दिवशी रक्त देऊ नये, कारण तेव्हा हा आकडा फसवा वाढलेला असू शकतो.

लांब पल्ल्याच्या धावपटूंचे लोह अनेक वाटांनी जाते. तळपाय जमिनीवर वारंवार आपटून काही तांबड्या पेशी फुटतात, घामातून व आतड्यांतून थोडेथोडे लोह जाते आणि कठोर सरावानंतर हेप्सिडिन नावाचे संप्रेरक काही तास वाढून अन्नातील लोहाचे शोषण रोखते. मुलींमध्ये पाळीची भर पडते, म्हणून रक्तस्राव जास्त होतो का, हे तिला मोकळेपणाने विचारा. पाळी लांबली किंवा बंद झाली असेल, तर सरावाच्या मानाने जेवण अपुरे पडत असण्याची शक्यता असते आणि तेही डॉक्टरांना सांगायला हवे.

गोळ्या मात्र अंदाजाने सुरू करू नका. नियमित धावणाऱ्यांच्या रक्तातील द्रवभाग वाढल्यामुळे, लोह पुरेसे असूनही हिमोग्लोबिन थोडे कमी दिसू शकते. थॅलेसेमिया मायनर या हिमोग्लोबिनच्या सौम्य आनुवंशिक दोषातही ते कमी असते आणि तिथे लोहाची कमतरता नसेल तर गोळ्यांचा उपयोग होत नाही. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी, जिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते, ती प्रतिबंधासाठी आहे. रिकामा साठा तेवढ्याने भरत नाही. कमतरता सिद्ध झाल्यास डॉक्टर रोज किंवा एक दिवसाआड गोळी देतील. शौचाचा रंग काळा होईल, त्याला घाबरू नये. हिमोग्लोबिन काही आठवड्यांत सुधारले तरी साठा भरायला साधारण तीन महिने किंवा अधिक काळ लागतो, म्हणून बरे वाटताच गोळ्या सोडू नयेत.

सकाळच्या सरावानंतर ती चहासोबत नाश्ता करत असल्यास तेवढे आधी बदला; चहा लोहाचे शोषण बरेच कमी करतो, म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा. उसळ, पालेभाजी आणि बाजरीची भाकरी यांसोबत लिंबू किंवा आवळा द्या. मांसाहार चालत असल्यास मटण किंवा कलेजीतील लोह अधिक सहज शोषले जाते.

थकलेल्या मुलीला आळशी ठरवण्याची घाई मैदानावर फार होते आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. प्रशिक्षकांना हे पत्र दाखवा. रिपोर्ट येईपर्यंत वेगाचे टप्पे बंद ठेवून तिला केवळ हलके धावू द्यावे. छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा बसल्या जागी धाप लागणे यांपैकी काहीही झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.