'पियानो जुगलबंदी' म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: मरे पेराहिया आणि राडू लुपू या दोन पियानोवादकांच्या ध्वनिमुद्रणाविषयी मराठीत लिहायचं आहे. त्यातल्या संगीतकार शूबर्टच्या रचनेला 'रोमँटिक पियानो ड्युओ'ऐवजी 'प्रणयरम्य पियानो जुगलबंदी' म्हटलं तर चालेल का?

मला विचाराल तर दोन्ही शब्द नकोत. 'प्रणयरम्य'चं आधी उरकतो. इथे 'रोमँटिक' हे एका काळाचं, एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय संगीतप्रवाहाचं नाव आहे. 'रोमान्स' म्हणजे मुळात लॅटिन सोडून लोकांच्या बोलीत सांगितलेली गोष्ट. प्रेमाचा रंग त्यावर नंतर चढला. शूबर्टनं ही एफ मायनर फँटसी (ठरावीक साच्यात न अडकणारी रचना) 1828 साली, आयुष्याच्या शेवटच्या वर्षी लिहिली आणि आपली शिष्या कॅरोलीन एस्टरहाझी हिला अर्पण केली. त्यामुळे 'प्रणय' लिहिण्याचा मोह होतो, कबूल. पण हा शब्द अख्ख्या काळाला लावला तर त्याच काळातल्या ब्राम्स या संगीतकारानं हायडनची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सुरावटीवर रचलेली व्हेरिएशन्सही (एकाच सुरावटीची बदलती रूपं) प्रणयरम्य ठरतील! समीक्षेतला 'स्वच्छंदतावादी' अर्थानं जवळचा, पण बोलण्यात 'स्वच्छंदी' म्हणजे कुणाचं न ऐकणारा, आणि या फँटसीच्या अखेरच्या भागात तर फ्यूगसारखा, एकच सुरावट आळीपाळीनं येऊन गुंफली जाणारा काटेकोर बांधणीचा प्रकार येतो. 'रोमँटिक' मराठीत रुळलेला आहे, तोच राहू द्या.

खरी गंमत 'ड्युओ'त, म्हणजे दोघांनी मिळून वाजवण्याला काय म्हणायचं यात आहे. 'जुगल' हा 'युगल'चाच अवतार. यात्रेची जत्रा झाली तसं युगलाचं जुगल झालं. त्याला फारसीतून आलेलं 'बंदी' जोडलं गेलं. शब्द देखणा आहे, पण तो ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे सतार-सरोद, मधे तबला, सवाल-जवाब आणि तिथल्या तिथे सुचलेल्या जागा येतात. वर्तमानपत्रांनी तर दोन पुढाऱ्यांच्या भांडणालाही 'शाब्दिक जुगलबंदी' करून टाकलं. म्हणजे जुगलबंदीत 'दोन हात करण्या'ची छटा आहेच. शूबर्टचा मात्र प्रत्येक स्वर कागदावर लिहिलेला आहे, आणि कुणी कुणावर मात करायची नाही.

मग 'युगुल'? गाण्यात 'युगुलगीत' झकास चालतं. पण 'पियानो युगुल' म्हटलं की घरच्यांचा विरोध पत्करून आळंदीला निघालेले दोन पियानो दिसायला लागतात. 'द्वंद्व' समासात समतोल आहे, बाहेर पडलं की मारामारीवर येतं.

आता मूळ अडचण. इंग्रजीत 'ड्युओ' एकच असला तरी प्रकार दोन आहेत: दोन वादक दोन पियानोंवर, किंवा दोघं एकाच पियानोवर शेजारी-शेजारी. 1984 साली इंग्लंडमधल्या स्नेप मॉल्टिंग्जमध्ये झालेल्या याच ध्वनिमुद्रणात दोन्ही भेटतात. मोट्झार्टचा डी मेजर सोनाटा दोन पियानोंसाठी आहे, तर शूबर्टची फँटसी एका पियानोसाठी. (मोट्झार्ट 'रोमँटिक'मध्ये बसत नाही, हेही लेखात सांभाळा.) ऐकताना फरक जाणवतो. दोन पियानोंवर दोघांनाही अख्खी पट्टी मोकळी असते. एकावर मात्र उजवीकडचा वरचे स्वर सांभाळतो, डावीकडचा खालचे, मधे कोपराला कोपर लागतं आणि पेडल बहुधा डावीकडच्याच्या पायाखाली असतं. हा दुसरा प्रकार खरा घरगुती. ध्वनिमुद्रण नव्हतं तेव्हा वाद्यवृंदाच्या रचना लोक घरी असेच वाजवून ऐकत. ब्राम्सनं आपल्या काही सिंफनींची अशी रूपांतरं स्वतः केली. त्याची हंगेरियन नृत्यं आणि चेक संगीतकार द्वोर्झाकची 1878 सालची स्लाव्हॉनिक नृत्यं तर आधी अशीच लिहिली गेली, वाद्यवृंदासाठी मागाहून.

जर्मन आणि फ्रेंच भाषा या प्रकाराला सरळ 'चार हातांसाठी' म्हणतात. आपणही हातच मोजावेत. 'चतुर्भुज' कुणी सुचवू नये. मराठीत माणूस चतुर्भुज होतो तो लग्नात, नाहीतर मुसक्या बांधल्यावर. 'चौपदरी', 'चौकोनी' यांच्या चालीवर मला 'चौहाती' आवडतो. 'दोनाचे चार हात' त्यातही आठवतील, म्हणजे लग्न काही पाठ सोडत नाही, पण एका बाकावर बसून एकच वाद्य वाजवणाऱ्यांना ते फारसं विजोडही दिसत नाही. शब्द नवा आहे, म्हणून पहिल्यांदा वापरताना उलगडून सांगा. दोन पियानो असतील तिथे मात्र आपल्या मैफलींच्या पत्रिकांतला 'सहवादन' पुरेसा आहे.

तेव्हा तुमचं वाक्य असं करता येईल: 'पेराहिया आणि लुपू यांनी मोट्झार्टचा सोनाटा दोन पियानोंच्या सहवादनात वाजवला आहे आणि शूबर्टची फँटसी चौहाती, म्हणजे दोघांनी मिळून एकाच पियानोवर.'