जहाजातून कोण उतरलं?

प्रश्न : बाई, माझी नात अमेरिकेत शाळेत आहे. तिच्या इतिहासात जेम्सटाऊन आणि बॉस्टन असे दोन धडे आहेत. एकीकडे तंबाखूचे मळे नि गुलाम, दुसरीकडे चर्च नि शाळा. दोन्हीकडचे लोक इंग्रजच. मग उत्तरेकडचे सज्जन आणि दक्षिणेकडचे लोभी, असं समजायचं का? आणि जेम्सटाऊन वसवणारी ती व्हर्जिनिया कंपनी म्हणजे आपल्याकडे आलेलीच कंपनी का? – एक आजोबा, निपाणी

उत्तर : सज्जन-लोभी राहू द्या बाजूला. जहाजातून कोण उतरलं ते आधी बघा.

१६०७ साली दक्षिणेकडे, व्हर्जिनियातल्या जेम्सटाऊनला १०४ पुरुष आणि मुलगे उतरले. बाई एकही नाही. बरेचसे खानदानी, कुदळ कधी न धरलेले, डोळे सोन्याकडे लागलेले. नदीचं पाणी मचूळ; हगवण आणि तापानं माणसं पटापट गेली. १६०९-१०च्या हिवाळ्यात घोडे, कुत्रे, उंदीरही खाऊन संपले. नंतरच्या जहाजानं आलेल्या चौदा-एक वर्षांच्या एका मुलीची कवटी तिथल्या उत्खननात सापडली आहे, तिच्यावर सुरीचे वार आहेत. मेल्यावर तिचं मांस खाल्लं गेलं होतं.

पुढे जॉन रॉल्फनं वेस्ट इंडिजचं बियाणं आणलं आणि तंबाखूनं वसाहत तगली. तुम्ही निपाणीचे, तंबाखू जमिनीचा कस कसा ओढतो हे मी काय सांगू! दर काही वर्षांनी नवी जमीन हवी, म्हणून घरं नदीकाठानं दूरदूर विखुरली. त्यात १६१८पासून, एक माणूस स्वखर्चानं आणला की ५० एकर मिळू लागले. ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे माणसं, आणि त्याच्याकडेच जमीन. आधी ठरावीक वर्षांच्या करारानं बांधलेले इंग्रज नोकर राबले. १६१९ साली पहिले वीसेक आफ्रिकी बंदी विकले गेले. आई गुलाम तर मूलही गुलाम, हा कायदा १६६२चा. अशा विखुरल्या मळ्यांत शाळा चालणार कुठे? व्हर्जिनियाच्या गव्हर्नर बर्कलीनं तर १६७१ साली, इथे मोफत शाळा आणि छापखाने नाहीत याबद्दल देवाचे आभारच मानले!

उत्तरेकडे मॅसॅच्युसेट्सला, म्हणजे बॉस्टनच्या वसाहतीत, १६३० साली पुढारी जॉन विन्थ्रॉपबरोबर उतरली ती बरीचशी लेकुरवाळी कुटुंबं, आपल्या मताचं चर्च उभारायला निघालेली. पहिल्या हिवाळ्यात तिथेही पुष्कळ दगावले. पण नंतर त्या थंड हवेत लोक जगले, नातवंडं बघू लागले. गावानं जमीन वाटून दिली, मधोमध प्रार्थनागृह. पोरं आहेत, आणि बायबल स्वतः वाचता आलंच पाहिजे, मग शाळा आलीच. १६३६ साली कॉलेज मंजूर झालं, तेच पुढे हार्वर्ड. १६४७ साली कायदा झाला, ५० घरांच्या गावानं शिक्षक ठेवायचा. सैतानानं लोकांना धर्मग्रंथापासून दूर ठेवू नये, हे त्याचं कारण कायद्यातच लिहिलंय.

म्हणून त्यांना संत मात्र ठरवू नका. क्वेकर या वेगळ्या ख्रिस्ती पंथाच्या मेरी डायरला १६६० साली बॉस्टनमध्येच फाशी दिलं. १६३७च्या लढाईतले पीक्वॉट या तिथल्या मूळच्या जमातीचे बंदी गुलाम म्हणून बेटांवर धाडले, आणि १६४१च्या कायद्यात गुलामगिरीला जागा करून दिली. मोठ्या मळ्यांजोगी जमीन नि हवा तिथे नव्हती, म्हणून गुलाम थोडे. पुण्याईनं नव्हे.

तुमचा दुसरा प्रश्न. कंपन्या वेगळ्या, पण लंडनमधले शेठ बरेचसे तेच. ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर थॉमस स्मिथ व्हर्जिनिया कंपनीचाही प्रमुख होता. १६१३च्या सुमारास सुरतेत वखार उघडली, तेव्हा जेम्सटाऊनचा कारभारही त्याच्याच हाती होता.