मामा रागावलेत का?

"मामांनी माझ्यावर डूख धरलाय, मॅडम. च्या दिला तरी चेहरा हलत न्हाई. सकाळी नातवासंगं फाटकापर्यंत चालत जातात, आणि रविवारी माझे आई-वडील आले की खुर्चीतनं उठत न्हाईत. मुद्दाम करतात का न्हाई, तुम्हीच सांगा. मी दमलो आता."

कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतली ही सूनबाई खुर्चीत टेकायच्या आधीच बोलायला लागली होती. (ओळख लपवण्यापुरते तपशील बदलले आहेत.) सासऱ्यांना, म्हणजे तिच्या मामांना, चार वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं निदान झालेलं. तरुणपणी तालमीत घुमलेला, खासबागेच्या मैदानात उतरलेला माणूस. गोळ्या सुरू झाल्यापासून हात फारसा थरथरत नव्हता. म्हणजे आजार आटोक्यात आणि बाकी सगळा स्वभाव, असा घरचा हिशेब.

हा हिशेब मी बऱ्याच घरांत ऐकते. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन केलं ते 'थरथरता लकवा' म्हणून. आपला 'कंपवात' हा शब्दही थरथरीवरच बोट ठेवतो. काही रुग्णांना तर कंप नसतोच, हे सांगितलं की लोक माझ्याकडेच संशयाने बघतात.

पुढच्या वेळी मामा आले. चेहरा दगडी, पापणीसुद्धा क्वचितच लवत होती. खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं, चिडलेत. नातवाच्या खोडीचा विषय निघाला, सून हसली, हे तसेच. मी सरळ विचारलं, "मामा, राग आलाय का?"

बराच वेळ गेला. मग अगदी बारीक आवाजात उत्तर आलं, "न्हाई ओ. हसायलोय की मी."

सून खाली बघत राहिली.

मेंदूत हालचालींचे निरोप पोचवणारं डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशी मरत गेल्या की आपण न ठरवता होणाऱ्या हालचाली आखडतात. चालताना हात हलणं, पापणी लवणं, गंमत ऐकून ओठ फाकणं. हसू आत येतं, चेहऱ्यापर्यंत पोचत नाही. आवाज बसतो, अक्षर बारीक होत जातं. या आजारात खरं नैराश्यही येतं, म्हणून मामांशी एकट्याने झोप, भूक, मन यांवर बोलले. तसं काही दिसलं नाही.

"मग सकाळी बरं कसं असतात?" सुनेचा प्रश्न रास्त होता. मी तिला आठवडाभर कॅलेंडरच्या चौकोनात तीन गोष्टींच्या वेळा लिहायला सांगितल्या: गोळी, खाणं, अडकणं. त्यातून गोष्ट उलगडली. पहाटेची गोळी रिकाम्या पोटी. दुसरी मात्र 'उष्ण पडते' म्हणून पेलाभर म्हशीच्या दुधाबरोबर, तेही गंगावेशीतल्या कट्ट्यावरून आणलेलं. आणि रविवारी दुपारची गोळी मटण-रश्शावर!

मामांच्या गोळीतलं औषध, लेव्होडोपा, आणि दूध-मटणाच्या प्रथिनांतली अमिनो आम्लं आतड्यातून आणि पुढे मेंदूत एकाच दारातून शिरतात. दारात गर्दी झाली की औषध मागे राहतं. व्याही आल्यावर मामा बसून राहायचे ते यामुळे असावं. गोळ्यांच्या वेळा बदलणं माझं काम नाही. कॅलेंडर घेऊन त्यांना न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. डॉक्टरांनी जेवणाआधी अर्धा तास गोळी सांगितली. दूध-मटण बंद केलं नाही, याचा मामांना केवढा आनंद झाला असेल, तो चेहऱ्यावर शोधू नका.

उंबऱ्याशी पाय चिकटायचे तिथे हात धरून ओढायचं नाही, तोल जातो. फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या, पट्टी ओलांडायची. नातवाने आपलं डोकं चालवलं आणि डब्यावर हलगीचा ठेका धरला. ठेक्यावर पाऊल सुटतं, हे खरंच आहे. पैलवानाचं जास्तच सुटत असावं.

गेल्या महिन्यात फोन आला. गोळीचा असर लवकर उतरायला लागलाय. वर्षं जातात तसं हे होतं. डॉक्टरांची तारीख घेतली होती तिने. ठेवता ठेवता म्हणाली, "आता मी त्यास्नी विचारूनच घेतो, मॅडम. मामा, हसायलाय न्हवं?"