कोल्हापुरात जमिनीच्या एजंटानं फसवलं तर त्याच्यावर कारवाई होते का?

होते. पण एजंटाला शिक्षा होणं आणि तुमचे पैसे परत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या प्रश्नात त्या एकत्र झाल्यात. तुम्ही लिहिलंय की पाचगावच्या बाजूला 'एनए प्लॉट, रेरा मंजूर' (म्हणजे बिगरशेती आणि रेरा या घरबांधणी-प्लॉटिंगच्या कायद्याखाली नोंदलेला) म्हणून एजंटानं १ लाख टोकन घेतलं, कमिशनही आधीच घेतलं, नंतर कळलं की लेआउटच मंजूर नाही आणि आता तो फोन उचलत नाही. त्याचं लायसन्स रद्द करता येईल का, पोलिसांत जावं का, असं विचारलंय. मी कोल्हापुरातच नोंदणी करून हा धंदा करतो, त्यामुळं हे आमच्याच लोकांच्या विरोधातलं लिहिणं आहे. चालायचंच.

लायसन्स रद्द व्हायला आधी ते असावं लागतं. महारेरा, म्हणजे रेरा कायदा राबवणारं राज्याचं प्राधिकरण, त्याच्या साइटवर एजंटाचं नाव टाकून बघा. एजंटाचा नंबर इंग्रजी 'ए' अक्षरानं सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी' नं. आपल्याकडं व्हिजिटिंग कार्डावर नुसतं 'रेरा रजिस्टर्ड' छापायची पद्धत पडलीय. नंबर विचारला की 'व्हॉट्सअ‍ॅप करतो' म्हणतात आणि पाठवतात 'पी' चा, म्हणजे कुठल्यातरी भलत्याच बिल्डिंगचा. नंबर खरा निघाला तरी नाव जुळतंय का आणि मुदत संपली नाही ना, ते बघा. नोंदणी ५ वर्षांची असते. शिवाय २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली. ते प्रमाणपत्र न दिलेल्या सुमारे २०,००० एजंटांची नोंदणी महारेरानं २०२४ मध्ये स्थगित केली. नोंदणी स्थगित असलेल्यानं रेराखालच्या प्रकल्पातला सौदा करायचाच नसतो. जुनं सर्टिफिकेट मात्र काचेच्या फ्रेममध्ये तसंच लटकत असतं.

आता कायदा. रेरा कायद्याचं कलम १० एजंटानं काय करायचं आणि काय नाही ते सांगतं. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातला प्लॉट किंवा फ्लॅट विकायला मदत करायची नाही, मंजुरी नसताना आहे म्हणून सांगायचं नाही, हिशोबाची पुस्तकं ठेवायची आणि बुकिंगच्या वेळी गिऱ्हाइकाला हक्काची सगळी कागदपत्रं मिळवून द्यायची. हे मोडलं तर कलम ९ खाली नोंदणी रद्द किंवा स्थगित होते, फक्त त्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. नोंदणीच नसेल तर तो कलम ९ चाच भंग. दोन्हींना दंड कलम ६२ चा, दिवसाला १०,००० रुपये, पण एकूण त्या प्लॉटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंतच. म्हणजे प्लॉट १२ लाखांचा असेल तर कमाल ६०,०००, सहा दिवसांत ती मर्यादा गाठली जाते. दुसऱ्या एका सौद्यात तो हे भरून काढतो, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. आणि हा दंड सरकारजमा होतो, तुमच्या हातात त्यातला रुपया येत नाही.

म्हणून एकट्या एजंटाविरुद्ध तक्रार करू नका. ज्यानं जमिनीचे प्लॉट पाडून विकायला काढले, त्यालाही प्रतिवादी करा. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर प्लॉटिंगलाही प्रकल्प नोंदणी लागते. ती नसताना जाहिरात करणं, बुकिंग घेणं हा मालकाचा वेगळा गुन्हा आहे. खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरले असतील तर व्याजासह परत मागायचा हक्क कलम १२ देतं, पण तो प्रवर्तकाकडून, म्हणजे प्लॉट विकायला काढणाऱ्याकडून, एजंटाकडून नाही. तक्रार महारेराच्या साइटवर ऑनलाइन होते, फी ५,००० रुपये, आणि प्रकल्प नोंदणीकृत नसला तरी तक्रार घेतात.

कशाला गैरवर्तन म्हणायचं यात लोक गोंधळतात. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून आपल्याकडचा प्रत्येक प्लॉट 'बेंचपासून दहा मिनिटांवर' आहे. कळंब्याचाही आणि वडणग्याचाही. 'दोन वर्षांत रेट डबल' हेही त्यातलंच. ही बडबड, यावर कारवाईची आशा धरू नका. पण 'लेआउट मंजूर आहे', 'एनए झालंय', 'पूररेषेच्या बाहेर आहे' ही विधानं खरी की खोटी ते कागदावर तपासता येतं, आणि तिथंच एजंट सापडतो. पूररेषेचं तर विशेषच. जानेवारीत ऊस तोडलेल्या रानात उभं करून 'इथं कधी पाणी येत नाही हो' म्हणायचं आणि शेजारच्या घराच्या भिंतीवर २०१९ ची खूण छातीइतक्या उंचीवर. तुमच्याबाबतीत वाक्य 'रेरा मंजूर' हे आहे. ते कुठं लिहिलेलं सापडतंय का ते शोधा: बॅनरचा फोटो, स्टेटसचा स्क्रीनशॉट, 'सर टोकन मिळालं' असा मेसेज, काहीही. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅप पुरावा म्हणून कोर्टात द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते वकिलाच्या मदतीनं करून घ्या.

टोकन रोख दिलं असेल तर पावतीअभावी अडचण होईल, पण 'रोख दिले म्हणजे मीच अडकणार' अशी भीती एजंट घालतात ती खोटी. जागेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो.

कमिशनचं काय? ती एजंटानं तुमच्याकडून घेतलेली सेवेची फी आहे, सेवा सदोष दिली म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात मागता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथं फी नाही, मुदत मात्र २ वर्षांची. हाच रस्ता रिसेलवाल्यांनाही. राजारामपुरीतला जुना फ्लॅट एका मालकाकडून दुसऱ्याकडं जाताना एजंटानं बोजा लपवला, तर सहसा रेरा उपयोगाचा नाही, कारण ते कलम १० प्रकल्पांच्या विक्रीपुरतं आहे. सामाईक सातबाऱ्यावरचे गुंठे नोटरीवर विकणाऱ्यांचंही तसंच. जमीन ५०० चौरस मीटरच्या आतली असेल तर रेरा तिथवर पोचत नाही, मग दिवाणी कोर्ट किंवा पोलीस.

पोलिसांत जा, पण नुसतं तोंडी सांगायला नको. 'हे दिवाणी प्रकरण आहे' हे पहिलं उत्तर ठरलेलं. लेखी अर्ज द्या, त्यात तारखेनिशी लिहा की पैसे घेतानाच लेआउट मंजूर नसल्याचं त्याला माहीत होतं आणि ते कशावरून. व्यवहार १ जुलै २०२४ नंतरचा असेल तर फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये येते. मुळात फसवायचाच हेतू होता हे दाखवता आलं तरच ते टिकतं, म्हणून नगररचना कार्यालयातून आणि तलाठ्याकडून मंजुरी नसल्याचा कागद आधी हातात घ्या. माहिती अधिकारात मागितलात तरी चालेल. ठाण्यात अर्जाची पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि त्याची पावती जपून ठेवा.