अर्जेंटिनात 1976 नंतर लष्करी राजवट असताना ब्यूनोस आयर्स हेराल्ड बेपत्ता लोकांच्या बातम्या कसा छापू शकला?

मुख्य म्हणजे पेपर इंग्रजी, वाचक मोजके, आणि संपादक रॉबर्ट कॉक्स खमके होते म्हणून. त्यांची पद्धत अशी की मुलगा किंवा मुलगी गायब झालीय म्हणून घरचे आले की आधी कोर्टात हेबियस कॉर्पसचा अर्ज (धरून नेलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा, अशी मागणी) करा म्हणायचे, म्हणजे बातमीला कागदाचा आधार मिळायचा, बाकीचे बहुतेक मोठे पेपर तर मूग गिळून बसले होते. पण फुकटात काही सुटलं नाही, कॉक्सना अटक झाली, धमक्या आल्या आणि 1979 मध्ये कुटुंबासकट देश सोडावा लागला. आणि हो, पेपर पहिल्यापासून विरोधात नव्हता, 1976 च्या लष्करी बंडाचं त्यांनी आधी स्वागतच केलेलं. 1876 ला सुरू झालेला हा पेपर 2017 मध्ये बंद पडला.